एका साध्या ‘नाही’चं काय होतं?

बऱ्याच दिवसांनी आम्ही मैत्रिणी भेटलो होतो. एकीचा फोन टेबलावर पालथा ठेवलेला होता आणि दर पाच-सात मिनिटांनी थरथरत होता. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा तिने तो उचलला, हात लांब करून आम्हा सगळ्यांचा फोटो काढला, पाठवला आणि फोन पुन्हा पालथा घातला. थोड्या वेळाने व्हिडिओ कॉल आला. तिने फोन गोल फिरवून एकेकीचा चेहरा दाखवला, मागच्या टेबलावर कोण बसलंय तेही दाखवलं. “फार काळजी करतो गं माझी,” ती हसत म्हणाली. आम्हीही हसलो. “नशीबवान आहेस,” असंही कुणीतरी म्हणालं. ते मी म्हणाले होते. आजही ते वाक्य आठवलं की घशाशी येतं.

त्या संध्याकाळी तिच्या अंगावर एकही वळ नव्हता. पुढेही पुष्कळ दिवस नव्हता.

घरातला छळ म्हटलं की आपल्याला सुजलेला डोळा आठवतो, दंडावर उमटलेली बोटं आठवतात. तसं काही दिसलं नाही तर आपण म्हणतो, भांडणं काय सगळ्यांचीच होतात. पण मारहाणीपासून सुरुवात क्वचितच होते. आधी वर्ष-दोन वर्षं दुसरंच काहीतरी चाललेलं असतं, आणि काही घरांत हात कधीच उचलला जात नाही, तरी आतल्या माणसाचा श्वास कोंडलेला असतो. ते दुसरं काय असतं आणि ते वेळेत कसं ओळखायचं, हे इथे सांगायचं आहे. लिहिताना मी बहुतेक ठिकाणी ‘तो’ छळणारा आणि ‘ती’ सोसणारी असं धरलं आहे, कारण जगभर चित्र मुख्यतः असंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मांडलेल्या अंदाजानुसार जगात दर तीन स्त्रियांपैकी जवळजवळ एकीने आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते, आणि ती करणारा बहुतेक वेळा जोडीदारच असतो. पण पुरुषही यात सापडतात, समलिंगी जोडप्यांमध्येही हे घडतं, म्हाताऱ्या आईवडिलांच्या वाट्यालाही येतं. तुमच्या बाबतीत सर्वनाम उलटं असेल तर उलटं वाचा. बाकी काही बदलत नाही.

चाक

१९८४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहरात काही कार्यकर्त्यांनी छळ सोसलेल्या स्त्रियांच्या गटांशी बोलून, त्यांनी सांगितलेल्या अनुभवांवरून एक चित्र काढलं. ते होतं चाकाचं. चाकाच्या तुंब्यावर त्यांनी लिहिलं ‘सत्ता आणि ताबा’. आरे होते धमकावणं, नजरेने नाहीतर आदळआपट करून भीती घालणं, पाणउतारा करणं, माणसांपासून तोडणं, पैसे अडवणं, मुलांना मधे घालणं, ‘घरात माझंच चालणार’ हा पुरुषपणाचा तोरा आणि केलेलं नाकारून दोष तिच्यावर ढकलणं. मारहाण आणि लैंगिक जबरदस्ती या चाकाच्या धावेवर, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या कडेवर होती. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव जशी सगळे आरे जागच्या जागी धरून ठेवते, तसंच हे. वर्षातून एकदाच हात उचलला तरी उरलेले ३६४ दिवस नुसती नजर पुरते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी या सगळ्या प्रकाराला ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’ म्हटलं आणि मांडलं, की हा मुळात माणसाच्या स्वातंत्र्यावरचा गुन्हा आहे, शरीराला होणारी इजा हा त्यातला फक्त एक भाग. मराठीत यासाठी जुना, नेमका शब्द आहे: धाकात ठेवणं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५च्या कायद्याने धाकात ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरला, पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा. भारतात २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातही हिंसेची व्याख्या शारीरिक छळावर थांबत नाही. लैंगिक, शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही त्यात धरलेला आहे.

पण घरात बसलेल्या बाईने हे कसं ओळखायचं? प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक वाटते. तो चिडला. त्याने फोन तपासला. माहेरी जाऊ नको म्हणाला. यातल्या एकेका गोष्टीवर कुणी तक्रार घेऊन गेलं तर ऐकणारा म्हणेल, एवढंच ना?

म्हणून मला एकच प्रश्न सगळ्यात उपयोगाचा वाटतो. तुम्ही एखादं साधं ‘नाही’ म्हटलंत तर पुढे काय होतं?

‘आज नको, दमलेय.’ ‘या महिन्याचा पगार मी माझ्याकडे ठेवते.’ ‘मी येणार नाही, तू जाऊन ये.’ बऱ्या घरात अशा ‘नाही’वर कुरकूर होते, वाद होतो, संध्याकाळभर अबोलाही होतो. दुसऱ्या दिवशी विषय संपतो आणि तुम्ही पुढच्या वेळी पुन्हा ‘नाही’ म्हणू शकता. धाकाच्या घरात मात्र त्या ‘नाही’ची वसुली होते. कधी चार दिवसांच्या मौनाने, कधी मुलांवर ओरडून, कधी पहाटे तीनपर्यंत झोपू न देता चाललेल्या उलटतपासणीने. ‘नाही’ महाग पडतं, आणि माणूस हळूहळू ते म्हणणंच सोडतो.

त्या भेटीनंतर कितीतरी महिन्यांनी मी मैत्रिणीला विचारलं, “त्या दिवशी तू फोटो पाठवला नसतास तर?” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माहीत नाही. मी कधी न पाठवून पाहिलंच नाही.”

धाक पुरता बसला की बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. भांडण नाही, आवाज नाही, शेजारच्यांना वाटतं किती शांत घर आहे. दाराच्या कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला की आतली बाई टीव्ही बंद करते, मुलांना डोळ्यांनीच गप्प करते आणि जिन्यातल्या पावलांवरून आजचा रंग कसा आहे त्याचा अंदाज घेते, हे कुणाला दिसणार? तुम्ही स्वतःचं बोलणं, कपडे, हसणं, उशीर, सगळं आधीच ‘त्याला काय वाटेल’ या चाळणीतून काढत असाल, तर ती चाळणी हीच खूण आहे.

आधी गोड, मग अरुंद

सुरुवातीला यातलं काहीही भीतीदायक नसतं. उलट इतकं कौतुक वाट्याला येतं की माणूस हुरळून जातो. ओळख होऊन तीन आठवडे झालेत आणि आयुष्यभराच्या आणाभाका चालू. दिवसातून चाळीस मेसेज. ‘तुझ्याशिवाय मला कुणीच समजून घेतलं नाही.’ ‘आपल्यात लपवण्यासारखं काय आहे, पासवर्ड देऊन टाकू एकमेकांना.’ प्रेमात घाई होतेच, प्रत्येक घाई करणारा माणूस वाईट नसतो. पण ‘जरा सावकाश घेऊया’ असं एकदा म्हणून बघा. ज्याला तुम्ही हव्या आहात तो थोडा हिरमुसेल आणि थांबेल. ज्याला ताबा हवा आहे तो रुसेल, रडेल, तुमच्या प्रेमावर शंका घेईल, आणि शेवटी माफी मागाल तुम्ही.

माणसं तोडणंही असंच बेमालूम चालतं. ‘तुझ्या बहिणीशी बोलायचं नाही,’ असं फार थोडे लोक उघड म्हणतात. बहीण येऊन गेली की संध्याकाळ नासते, इतकंच. तिच्या बोलण्यातला एखादा शब्द उचलून दोन दिवस चघळला जातो. तुम्ही मैत्रिणीकडे निघालात की नेमकी त्याची तब्येत बिघडते. एका समारंभाला जाऊन आल्यावर ‘त्या माणसाशी एवढं हसून काय बोलत होतीस’ यावर रात्र जाते. पुढच्या आमंत्रणाला तुम्हीच म्हणता, नको, जमणार नाही. त्याने तुम्हाला अडवलेलं नसतं. जाणं नकोसं व्हावं अशी व्यवस्था केलेली असते. दोन वर्षांपूर्वी तुम्ही आठवड्यात किती माणसांशी मनातलं बोलत होतात आणि आज किती जणांशी बोलता, हे बोटांवर मोजा.

पैशांचं तर आणखी सोपं. पगार एकाच खात्यात, कार्ड त्याच्याकडे, हातात मोजके पैसे आणि प्रत्येक खर्चाचा हिशेब. नोकरी सोडायला थेट सांगितलं जात नाही. मुलाखतीच्या आदल्या रात्री भांडण होतं, कामाच्या जागी सतत फोन येतात, वरिष्ठ वैतागतात. तिच्या नावावर काढलेली आणि तिला माहीतही नसलेली कर्जं हा त्यातलाच प्रकार. खिशात परतीच्या प्रवासापुरतेही पैसे नसलेला माणूस ‘नाही’ कुठून म्हणणार?

या सगळ्यात सगळ्यात जास्त पोखरणारी गोष्ट मला वेगळीच वाटते: तिच्या आठवणीवरचा विश्वास काढून घेणं. ‘मी असं म्हणालोच नाही.’ ‘तुला काहीही आठवतं.’ ‘तुझं डोकं ठिकाणावर नाही, सगळे तेच म्हणतात.’ याला हल्ली ‘गॅसलायटिंग’ म्हणतात. एकदा-दोनदा असं कुणाच्याही घरात होतं, माणसं विसरतात. पण दर वेळी चूक तुमच्याच आठवणीची निघत असेल, आणि भांडण झाल्यावर आपण काय बोललो ते तुम्ही गुपचूप कुठेतरी लिहून ठेवायला लागला असाल, तर तुम्हाला वेड लागलेलं नाही. तुमच्यातला शहाणा भाग अजून जागा आहे आणि पुरावा गोळा करतो आहे.

पुष्कळ घरांत यानंतर माफीचा अंक येतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ साली हे चक्र मांडलं: ताण चढत जातो, स्फोट होतो, मग पश्चात्ताप, भेटवस्तू, अश्रू, आणि पुन्हा ताण. बऱ्याच जणींना हे वर्णन तंतोतंत आपलं वाटतं. मात्र माफी येत नाही म्हणून आपला छळ नव्हेच, असं कुणी समजू नये. काही घरांत गोड दिवस येतच नाहीत, फक्त कमी वाईट दिवस येतात. आणि माफी खरी आहे का, हे पाहायलाही ‘नाही’च कामाला येतं. ‘आत्ता मला माफ करायचं नाहीये, मला वेळ हवा,’ असं म्हटल्यावर ज्याचे अश्रू तासाभरात रागात बदलतात, त्याला माफी नको होती, विषय मिटवायचा होता.

जिवावरच्या खुणा

काही खुणा दिसल्या की थांबून विचार करण्याइतका वेळ नसतो. त्या वेगळ्या सांगायलाच हव्यात.

गळ्यावर हात. एकदाच, ‘नुसता धरला’, ‘गमतीत’, कसाही. गळा दाबल्यावर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडू शकतो. पुष्कळदा गळ्यावर खूणही राहत नाही, म्हणून बाहेरच्यांना आणि कधी तिलाही ते किरकोळ वाटतं. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की जोडीदाराने आधी कधी गळा दाबलेला असेल, तर पुढे त्याच्याच हातून जीव जाण्याची शक्यता सातपटीहून जास्त होती. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर, त्या वेळचं काही न आठवणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि ‘गळा दाबला होता’ हे स्पष्ट शब्दांत सांगा. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली असेल तर पक्षाघात काही दिवसांनीही होऊ शकतो. आत्ता बरं वाटतंय, यावर विसंबू नका.

परिचारिका आणि संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८०च्या दशकात एक प्रश्नावली तयार केली. छळ सोसणाऱ्या बाईच्या जिवाला किती धोका आहे, याचा अंदाज घेण्यासाठी ती आजही वापरली जाते. तिच्यात आधी वर्षाचं कॅलेंडर पुढे ठेवतात आणि मारहाणीच्या तारखांवर खुणा करायला सांगतात. बाई जेव्हा स्वतः त्या खुणा करते तेव्हा ‘कधीतरी होतं’ म्हणत आलेली गोष्ट किती जवळजवळ आली आहे ते तिलाच दिसतं. मग प्रश्न येतात. घरात बंदूक आहे का? मारून टाकायची धमकी दिली आहे का, आणि तो ती खरी करू शकेल असं तुम्हाला वाटतं का? गरोदरपणात मारलं का? लैंगिक जबरदस्ती होते का? तुमच्या दिवसातली बहुतेक प्रत्येक गोष्ट तो ठरवतो का? त्याची नोकरी गेली आहे का? गेल्या वर्षभरात तुम्ही त्याच्यापासून वेगळ्या झालात का? तो तुमच्या मागावर असतो का? एका प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून अनर्थ ठरलेला नसतो. पण ‘हो’ साचत गेले तर घरातल्या कुणाच्या समजुतीने हे निभणार नाही. बाहेरची, जाणती मदत लागते.

भिंतीवर मूठ मारणं, तिच्या आवडीची वस्तू फोडणं, पाळीव जनावराला इजा करणं, दार अडवून उभं राहणं, तिला शेजारी बसवून गाडी बेफाम चालवणं: यात तिला बोटही लावलेलं नसतं. पण ‘पुढची पाळी तुझी’ हा निरोप पोचतो, आणि तो पोचावा म्हणूनच ते केलेलं असतं.

पिच्छा

एखाद्याने मागे लागणं, नको म्हटल्यावरही संपर्क करत राहणं, वाटेत उभं राहणं, ऑनलाइन पाळत ठेवणं, याला स्टॉकिंग म्हणतात. पहिल्या प्रश्नाशी याचं नातं सरळ आहे. हा ‘नाही’ न ऐकणारा माणूसच असतो, फक्त आता तो घराबाहेर आहे.

त्याविरुद्धचा कायदा तसा अलीकडचा. १९८९ साली रिबेका शेफर या तरुण अभिनेत्रीचा तिच्यामागे लागलेल्या एका चाहत्याने तिच्या दारात खून केला, आणि त्यानंतर १९९० साली कॅलिफोर्नियात अमेरिकेतला पहिला स्टॉकिंगविरोधी कायदा झाला. जपानमध्ये तो २००० साली आला. भारतात स्त्रियांचा पाठलाग करणं आणि त्यांच्या इंटरनेट-ईमेलवर पाळत ठेवणं हा २०१३ पासून वेगळा गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात येतो.

चाहत्याच्या त्या प्रकरणामुळे आपल्या मनात स्टॉकर म्हणजे अंधारातला अनोळखी माणूस असं चित्र बसलं आहे. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, आणि फार वेळा आधीचा जोडीदार. त्याला तुमच्या ऑफिसची वेळ माहीत असते, मुलांची शाळा माहीत असते, आईचा नंबर पाठ असतो. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीदाराच्या किंवा आधीच्या जोडीदाराच्या हातून मारल्या गेलेल्या स्त्रियांपैकी ७६ टक्के स्त्रियांचा आधीच्या वर्षभरात त्याच माणसाने पिच्छा पुरवला होता. म्हणून ‘फक्त मेसेजच तर करतो’ हे वाक्य मला सहन होत नाही.

मेसेजमध्ये धमकी असेलच असं नाही. दाराशी ठेवलेली फुलं, ‘आज निळ्या रंगात छान दिसत होतीस’ एवढीच ओळ. तिसऱ्याला हे प्रेम वाटतं. तिला मात्र त्यातून एकच कळतं, की आज तो तिथे होता. भीती तिथे आहे, आणि म्हणूनच ती दुसऱ्याला समजावून सांगणं एवढं अवघड जातं.

अशा माणसाला काय उत्तर द्यावं? एकदा, स्पष्ट, कारण न देता: ‘मला तुझ्याशी कोणताही संपर्क नको आहे.’ कारण दिलं की तो त्या कारणावर वाद घालतो. ‘सध्या नको’ म्हटलं तर ‘सध्या’ धरून बसतो. आणि त्यानंतर संपूर्ण शांतता. एकोणतीस फोन सोडून तिसावा उचलला, अगदी शिव्या घालायला उचलला, तरी तीस फोन केले की उचलते एवढंच तो शिकतो. मात्र हे स्पष्ट ‘नाही’ सांगायला एकट्याने भेटायला जाऊ नका, ‘शेवटचं एकदा’ म्हणून तर नाहीच. आणि त्याने आधी मारलं असेल किंवा जिवे मारायची धमकी दिली असेल, तर हे एक वाक्यही कधी आणि कसं पोचवायचं ते आधी जाणत्या माणसाशी बोलून ठरवा.

मेसेज पुसू नका. घाण वाटते, पुसून टाकावंसं वाटतं, पण तोच पुरावा आहे. सूचना बंद करा, स्क्रीनशॉट काढून त्याला पोचता येणार नाही अशा ठिकाणी ठेवा. एक वही घाला: तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोणी पाहिलं. एकेक प्रसंग सांगितला तर पोलिसांना किरकोळ वाटू शकतो, चार महिन्यांच्या नोंदी एकापुढे एक ठेवल्या की वीण दिसते.

फोनबद्दल एक सावधगिरी. तुम्ही न सांगितलेल्या गोष्टी त्याला कळत असतील, तर फोनमध्ये लोकेशन शेअरिंग चालू आहे का, तुमचं खातं दुसऱ्या कुठल्या उपकरणावर उघडं आहे का, बॅगेत किंवा गाडीत छोटं ट्रॅकर टाकलंय का, हे बघायला हवं. अ‍ॅपल आणि गूगलने मे २०२४ मध्ये आपल्या फोनमध्ये अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असेल तर इशारा देण्याची सामाईक सोय आणली. तसा इशारा आला तर झटकून टाकू नका. पण सापडलेली गोष्ट लगेच काढूही नका. ती बंद पडली की त्याला कळू शकतं. आधी सुरक्षित ठिकाणी जा, ट्रॅकरचा फोटो काढा, सल्ला घ्या. मदतीसाठी शोधाशोध आणि फोन शक्यतो दुसऱ्याच कुणाच्या उपकरणावरून करा.

निघणं

‘एवढं आहे तर ती निघत का नाही?’ हा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे, म्हणून तो विचारणाऱ्यावर रागावत नाही. पण नीट बघा. धाकाच्या घरात छोट्या ‘नाही’ची एवढी वसुली होत असेल, तर घर सोडणं हे सगळ्यात मोठं ‘नाही’ आहे. वेगळं होताना आणि त्यानंतरच्या काळात धोका वाढतो, हे या क्षेत्रात काम करणारा कुणीही सांगेल. तिला ते आकडे माहीत नसतात, पण त्या माणसाला ती आपल्या सगळ्यांपेक्षा चांगली ओळखते. ती थांबते तेव्हा पुष्कळदा ती हिशेब करत असते.

म्हणून निघायचं ते जाहीर करून नव्हे. भांडणाच्या भरात ‘मी चालले’ म्हणणं टाळावं. आधी ओळखपत्रं, मुलांचे दाखले, बँकेची कागदपत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या यांच्या प्रती विश्वासातल्या माणसाकडे. थोडे रोख पैसे, जादा किल्ली, चार्जर. दोन-तीन नंबर तोंडपाठ, कारण फोन हिसकावला जाऊ शकतो. एक ठरलेला शब्द, जो मेसेजमध्ये आला की समोरच्याने प्रश्न न विचारता मदत पाठवायची. वाद पेटला तर स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळून बाहेर पडायचा रस्ता असलेल्या खोलीत जायचं. भारतात महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे नंबर आहेत. इतर देशांतही अशा हेल्पलाइन आहेत. निघायचं पक्कं ठरलेलं नसतानाही फोन करता येतो. तिथल्या माणसाबरोबर बसून नुसता आराखडा केला तरी पुष्कळ आहे.

आपण बाजूला असतो तेव्हा

दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवायला जाऊ नका. तिथे ती खरं बोलली तर घरी गेल्यावर त्याची वसुली होईल, आणि गप्प बसली तर तुम्हाला वाटेल, काही नव्हतंच. त्याला जाऊन जाब विचारू नका. राग तुमच्यावर नाही, तिच्यावर निघेल. ‘तू ठीक आहेस ना?’ असा मेसेजसुद्धा टाकताना विचार करा, तो कोण वाचणार आहे. ‘सोड त्याला’ हाही हुकूमच आहे, आणि हुकूम तिच्याकडे आधीच पुरेसे आहेत.

एकटी सापडेल तेव्हा विचारा. ‘तो मारतो का?’ असं विचारलंत तर उत्तर बहुधा ‘नाही’ येईल, कदाचित खरंही असेल. ‘त्याच्याशी तुझं पटलं नाही की घरात काय होतं?’ असं विचारा आणि मग थांबा. ती विषय बदलेल. बदलू द्या. ती भेट रद्द करेल, पुन्हा रद्द करेल. तुम्ही बोलावत राहा, रुसू नका, कारण तुम्ही रुसलात की माणसं तोडायचं त्याचं काम तुम्ही पूर्ण केलंत.

माझी मैत्रीण त्या एका प्रश्नानंतर तीन महिने भेटली नाही. मग एक दिवस आली, चहा घेतला नाही, बसलीही नाही. पर्समधून जाड तपकिरी पाकीट काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “हे ठेव. उघडू नकोस. आणि मी छत्रीबद्दल काही विचारलं तर समज.” ते पाकीट सात महिने माझ्या कपाटात साड्यांच्या खाली होतं. मी एकदाही विचारलं नाही, कधी नेणार. ऐन उन्हाळ्यातल्या एका दुपारी फोनवर तिचा मेसेज आला: माझी छत्री तुझ्याकडे राहिली आहे का?